नागपूरच्या घरात कुत्र्या-मांजरांना गुंतवून कसं ठेवायचं

मार्च संपता संपता नागपुरात कूलर पोर्चमधून खिडकीला येतात, त्यांची खस बदलली जाते आणि घरातल्या कुत्र्या-मांजरांचं जग दोन खोल्यांवर येऊन ठेपतं. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. सकाळी आठनंतर कुत्र्याला बाहेर काढायची सोय नसते आणि रात्री उशिरापर्यंत डांबर निवत नाही. मधल्या बारा-तेरा तासांत त्या जिवाने करायचं काय? फरशीवर पडायचं, उठून जागा बदलायची, पुन्हा पडायचं. मग एक दिवस चपलेचा पट्टा तुटलेला सापडतो, कूलरमधली खस ओढून खोलीभर केलेली असते, फाटकासमोरून जाणाऱ्या प्रत्येक सायकलवर भुंकणं सुरू होतं. मांजर असेल तर ते पहाटे चारला छातीवर येऊन बसतं, नाहीतर चालणाऱ्याच्या घोट्यावर झडप घालतं. शेजारच्या काकू विचारतात, "काहून भुंकते बाप्पा हा दिवसभर?"

बहुतेक वेळा कारण साधं असतं. त्याच्या नाकाला आणि डोक्याला दिवसभरात काहीच काम मिळालेलं नसतं.

ज्यांच्या घरी पहिल्यांदाच कुत्रा किंवा मांजर आलं आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. अशा वेळी लोक खेळण्यांच्या दुकानाकडे धाव घेतात, नाहीतर कुत्र्याला आणखी पळवायला लागतात. दोन्हींचा उपयोग थोडाच. रोज जास्त पळवलेल्या कुत्र्याचा दम वाढतो आणि त्याला दुसऱ्या दिवशी आणखी पळायचं असतं. अस्वस्थपणा मात्र जिथल्या तिथे. तेच पंधरा मिनिटं नाकाने हुडकून हुडकून खाल्लेला कुत्रा आपणहून आडवा होतो. म्हणून माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं हे आहे: खेळणी नंतर आणा, आधी रोजचं जेवण हेच त्याचं रोजचं काम करा.

पायरी १: आधी दोन दिवस नुसतं बघा

काहीही नवीन सुरू करण्याआधी आपलं जनावर आपल्या मनाने काय करतं ते पाहा आणि एका कागदावर लिहून ठेवा. मोकळं सोडलं की कुत्रा हुंगत सुटतो, कोपरा खणतो, की काहीतरी तोंडात धरून घरभर मिरवतो? बीगल नाकाच्या मागे जातो, लॅब्रॅडॉरला तोंडात काहीतरी हवं असतं, जर्मन शेफर्ड दारावर नजर ठेवून बसतो. गावठी कुत्रा यातलं सगळंच थोडं थोडं करतो आणि नवी गोष्ट चटकन उचलतो. मांजर कुठे चढतं, कुठे लपतं, कोणत्या वेळी त्याच्या अंगात येतं, हेही टिपा. पुढच्या पायऱ्यांमधलं काय तुमच्या घरी आधी चालेल ते या नोंदींवरून कळतं.

याच दोन दिवसांत आजाराची शंका दूर करून घ्या. कंटाळा हळूहळू दिसायला लागतो, आजार बहुधा अचानक. कालपर्यंत बरं असलेलं जनावर एकाएकी चिडचिडं झालं, जेवण सोडलं, लपून बसायला लागलं, तर खेळ नको, डॉक्टर हवेत. मांजर पोट चाटून चाटून तिथले केस घालवत असेल तर पिसवा किंवा त्वचेचा त्रास आधी तपासून घ्या. आणि बोका पुन्हा पुन्हा लिटर ट्रेमध्ये (मांजराच्या शी-शूच्या ट्रेमध्ये) जाऊन बसतोय पण लघवी होत नाही, असं दिसलं तर तास न् तास वाट बघू नका. मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो आणि त्यात जीव जातो. मग रात्र असो की रविवार, लगेच निघा.

पायरी २: वाटी बाजूला ठेवा

१९६३ मध्ये ग्लेन जेन्सन या संशोधकाने उंदरांवर एक प्रयोग केला होता. समोर वाटीत खाणं ठेवलेलं असतानाही बरेच उंदीर कळ दाबून मिळणारं खाणं घ्यायला गेले. पुढे हेच पक्ष्यांत, माकडांत आणि इतर बऱ्याच प्राण्यांत दिसलं. फुकट मिळालेल्यापेक्षा खटपट करून मिळवलेलं जनावराला आवडतं, निदान त्यात त्याला रस असतो. मांजर मात्र याला अपवाद निघालं. २०२१ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी घरगुती मांजरांपुढे एकीकडे खटपटीचं खेळणं आणि दुसरीकडे उघडी थाळी ठेवली. बहुतेक मांजरांनी थाळीच पसंत केली. त्यामुळे कुत्र्याला तुम्ही थेट कामाला लावू शकता; मांजराला मात्र कलाकलाने घ्यावं लागतं.

कुत्र्याचा पहिला खेळ असा. त्याच्या सकाळच्या जेवणातले, म्हणजे पाकिटातल्या कोरड्या खाण्याचे, मूठभर दाणे घ्या. त्याला दुसऱ्या खोलीत ठेवून दार लोटा. बैठकीत जमिनीवर, उघड्यावर, पाच-सहा ठिकाणी दोन-दोन दाणे ठेवा. आता दार उघडा आणि शांत आवाजात "शोध" म्हणा. बोट दाखवू नका, मागे मागे फिरू नका, एका जागी उभे राहा. पहिल्यांदा तो तुमच्याच तोंडाकडे बघेल. मग एखादा दाणा नाकाला लागतो, मान खाली जाते आणि श्वासाचा आवाज बदलतो: छोटे छोटे, भराभर, फुसफुस श्वास सुरू होतात. शेपटी थोडी वर येते. तो आवाज ऐकू आला की समजा, खेळ सुरू झाला. दोन-तीन दिवसांनी दाणे टेबलाच्या पायाआड, पायपुसण्याच्या कडेखाली, दाराच्या फटीजवळ ठेवा. आठवड्याभराने एखादा स्टुलावर, नाकाच्या उंचीला. अवघड करायची घाई नको. दहापैकी आठ वेळा तो जिंकला पाहिजे. दोनदा हरून तो तुमच्याकडे येऊन बसला, तर खेळ एक पायरी सोपा करा.

त्यानंतर स्वयंपाकघराकडे वळा. आप्पेपात्राच्या खळग्यांत दाणे टाकून वर जुने टेनिस बॉल ठेवले की कुत्र्याला प्रत्येक बॉल हलवून बघावा लागतो. अंडीवाल्याकडचा तीस अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे हे माझ्या मते सगळ्यात चांगलं खेळणं आहे, आणि ते फुकट मिळतं. खळग्यांत खाऊ टाका, वर दुसरा ट्रे उलटा ठेवा. कुरियरचं खोकं चिकटपट्टी आणि पिना काढून चुरगळलेल्या कागदांनी भरा आणि आत दाणे पेरा. जुना टॉवेल पसरून त्यावर दाणे टाका, सुरळी करा, पुढे पुढे सुरळीला सैल गाठ मारा. कुत्रा पुठ्ठा फाडेल, फाडू द्या. फाडण्यातच त्याचं अर्धं सुख आहे. पुठ्ठा गिळत असेल तर मात्र हा खेळ बंद करून टॉवेलवर या.

आपल्याकडे बऱ्याच घरांत कुत्र्याला पाकिटातले दाणे मिळत नाहीत. पोळी, भात, उकडलेलं चिकन असंच जेवण असतं. त्याने काही अडत नाही. पोळीचे नखाएवढे तुकडे ट्रेमध्ये छान बसतात. भात-चिकन असेल तर एका मोठ्या वाटीऐवजी पाच छोट्या वाट्या करा आणि घरात पाच वेगवेगळ्या जागी ठेवा, त्यातली एखादी खुर्चीमागे. ओलं जेवण असल्याने त्या अर्ध्या तासात उचलायच्या, नाहीतर मुंग्या लागतात.

जास्त दिवस टिकणारी वस्तू हवी असेल तर हुंगायची चटई घरीच करा. मोरीत किंवा सिंकमध्ये टाकतात ती भोकाभोकांची रबरी जाळी आणा. जुन्या सुती चादरीच्या साधारण वीतभर लांब आणि दोन बोटं रुंद पट्ट्या फाडा. प्रत्येक पट्टी एका भोकातून घालून शेजारच्या भोकातून वर काढा आणि गाठ मारा. जाळी भरायला एखादी दुपार जाते, घरातल्या पोट्ट्यांना हाताशी घ्या. तयार झालेल्या दाट झुपक्यांत दाणे हरवतात आणि कुत्र्याला एकेक हुंगून काढावा लागतो. चटई धुऊन उन्हात टाकायची. आपल्याकडचं ऊन निदान इथे कामी येतं.

मांजराला सुरुवात याहून सोपी हवी. आधी जेवण दोन-तीन बशांत वाटून वेगवेगळ्या उंचीवर ठेवा: एक जमिनीवर, एक खिडकीत, एक पलंगाच्या उशाशी. आठवड्याने त्यातली एक बशी काढून तिच्या जागी अंड्याचा ट्रे आणा आणि दाणे वरच्या वर दिसतील असे ठेवा. ते पंज्याने दाणे काढायला लागलं की खळगे खोल करा. मांजराला उपाशी ठेवून शिकवायचं नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. लठ्ठ मांजराने दोन-तीन दिवस खाल्लं नाही तरी त्याच्या यकृतावर परिणाम होऊ शकतो.

आणि हे सगळं दिवसाच्या ठरलेल्या जेवणातूनच द्यायचं. वरचा खाऊ म्हणून दिलं तर महिन्याभरात वजन दिसायला लागतं.

पायरी ३: फिरायला नेताना नाकाला वेळ द्या

शार्लट ड्युरांटन आणि अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २०१९ मध्ये पाळीव कुत्र्यांचे दोन गट केले. एका गटाला दोन आठवडे रोज वास घेऊन शोधायचा खेळ दिला, दुसऱ्याला मालकाच्या पायाशी चिकटून चालायचा सराव. नंतर दोन्ही गटांपुढे एक वाटी अशा जागी ठेवली की तिच्यात खाऊ असेल की नसेल याचा अंदाज येऊ नये. हुंगणारे कुत्रे आता तिच्याकडे पूर्वीपेक्षा लवकर जाऊ लागले होते, जणू त्यांना चांगल्याचीच अपेक्षा होती. पायाशी चालणाऱ्यांत असा फरक पडला नाही.

रस्त्यात कुत्रा थांबला की पट्टा ओढायची आपल्याला सवय असते. ती सोडा. वीस मिनिटांच्या फेरीत निदान दहा मिनिटं कुठे जायचं, कुठे थांबायचं आणि खांबाशी किती वेळ घालवायचा हे त्याला ठरवू द्या. अंबाझरीला किंवा सेमिनरी हिल्सकडे जायलाच हवं असं नाही. आपल्या लेआउटमधला रिकामा प्लॉट नवख्या कुत्र्याला जास्त मानवतो, तिथे गर्दी कमी आणि वास भरपूर. फुटाळा तलावावर संध्याकाळी माणसं, गाड्या, भुट्टेवाले, फुगे असं सगळं एकदम अंगावर येतं. पिल्लाला तिथे पहिल्याच आठवड्यात नेऊ नका. गळपट्ट्याऐवजी छातीचा हार्नेस आणि तीन-चार मीटरचा पट्टा असेल तर हुंगताना गळ्याला हिसका बसत नाही. रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या हद्दी ओळखून रस्ता निवडा. पावसाळ्यात गवतातून आल्यावर कान, बगला आणि बोटांमधल्या जागा गोचिडांसाठी तपासा.

उन्हाळ्यात फटफटायच्या आत बाहेर पडा. रस्त्यावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून बघा; तुम्हाला ठेववत नसेल तर त्याचे तळवे भाजणार. पग, शिह त्झू अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना आणि हस्कीसारख्या दाट केसांच्या कुत्र्यांना तर एप्रिल-मेमध्ये शौचापुरतंच बाहेर काढावं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतो. धाप थांबत नाही, जीभ गडद लाल झाली, चाल अडखळली, असं दिसलं तर त्याला सावलीत आणा, साधं पाणी अंगावर ओतत राहा आणि लगेच दवाखाना गाठा.

बाहेर जाता येत नसेल त्या दिवशी बाहेरचे वास घरात आणा. गोकुळपेठ बाजारातून आलेली भाजीची पिशवी कांदा-लसूण काढून त्याच्यापुढे धरा. पालकाची माती, कोथिंबीर, कुणाकुणाचे हात, हे सगळं त्या कापडात असतं. पाहुण्यांच्या बॅगेचा तळ, गच्चीवरचं वाळलेलं पान, कुंडीतली काडी यांवरही कुत्रा बराच वेळ रमतो.

साखळीबद्दल एक बोलायलाच हवं. दिवसभर पोर्चमध्ये हातभर साखळीला बांधलेल्या कुत्र्यापुढे यातला कोणताही खेळ फिका आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही जनावराला गैरवाजवी काळ, फार आखूड किंवा फार जड साखळीने बांधून ठेवणं गुन्हा ठरवलं आहे. खोली द्या, जाळीचं दार लावा, पण साखळी सोडा.

पायरी ४: मांजराला शिकार करू द्या

घरातल्या मांजराचं पोट वाटीने भरतं, पण दबा धरणं, टक लावणं, झेप घेणं, पकडून चावणं हे सगळं तसंच आत साठून राहतं. ते घोट्यावर निघतं. दोन-तीन फुटांची काठी घ्या, तिला दोरीने कापडाचा बोळा किंवा पीस बांधा. मांजराच्या तोंडापुढे ते नाचवू नका. कुठलाही उंदीर मांजराकडे धावत येत नाही. बोळा मांजरापासून दूर न्या, भिंतीच्या कडेने सरकवा, पडद्यामागे अर्धा लपवा आणि थांबवा. थांबवणं सगळ्यात महत्त्वाचं. मांजर खाली दबेल, बुबुळं मोठी होतील, मागचे पाय जागच्या जागी डावी-उजवीकडे हलतील, मग झेप. दोन-तीनदा निसटू द्या, चौथ्यांदा पकडू द्या. पकडलेलं लगेच ओढून घेऊ नका, त्याला चावू द्या, मागच्या पायांनी झोडू द्या.

पाच ते दहा मिनिटं पुरतात. शेवटी बोळा हळूहळू 'मरू' द्या आणि लगेच जेवण वाढा. शिकार, खाणं, अंग चाटणं, झोप हा मांजराचा क्रम आहे. रात्री तुमच्या झोपेआधी हा क्रम पुरा झाला तर पहाटे चारचं उठवणं काही दिवसांत कमी होतं, मात्र पहाटे उठून एकदाही खायला द्यायचं नाही. मांजर पहाटे आणि तिन्हीसांजेला सगळ्यात सावध असतं, दुपारी दोनला खेळवायला गेलात तर ते तोंड फिरवेल आणि तुम्हाला वाटेल त्याला खेळ आवडत नाही.

हाताने किंवा बोटांनी खेळवू नका. आज नखाएवढे असलेले दात सहा महिन्यांनी रक्त काढतात. लेझरच्या ठिपक्याने मांजर धावतं खरं, पण हाती काहीच लागत नाही, म्हणून शेवटी ठिपका खऱ्या खाऊवर आणून थांबवा. काठी-दोरी खेळ संपला की कपाटात. दोरा, लोकर, रबरबँड मांजराने गिळला तर आतडं गोळा होतं आणि शस्त्रक्रिया करावी लागते.

पायरी ५: मांजराचं घर वर वाढवा

ओहायो स्टेट विद्यापीठात टोनी बफिंग्टन यांनी मूत्राशयाला वारंवार सूज येणाऱ्या मांजरांचा बरीच वर्षं अभ्यास केला. लपायला जागा, चढायला उंची, खेळ, ठरलेली दिनचर्या अशा घरातल्या बदलांनी या मांजरांचा त्रास कमी झाला. म्हणजे हा लाडाचा नाही, तब्येतीचाच भाग आहे.

कपाटाचा माथा मोकळा करा आणि तिथवर पोचायला मधे स्टूल किंवा फळी द्या. खिडकीत बसता येईल अशी जागा करा. कडुलिंबावरच्या साळुंक्या-खारी हा मांजराचा दिवसभराचा उद्योग असतो. खिडकीला आणि बाल्कनीला पक्की जाळी हवीच. मांजर पडत नाही हा समज खोटा आहे, पक्ष्यामागे झेप घेताना मांजरं वरच्या मजल्यांवरून पडतात. नागपुरात वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी आणखी एक लक्षात घ्यावं: एप्रिलनंतर दुपारी स्लॅब आग ओकतो आणि कपाटाचा माथा ही घरातली सगळ्यात गरम जागा होते. त्या दिवसांत उंचीबरोबरच खाली, पलंगाखाली, फरशीला टेकून एक अंधारी जागा करून द्या. एका बाजूने कापलेलं खोकं चालतं.

नखांसाठी साधारण तीन फूट उंच, मांजराने पूर्ण ताणून ओरबाडलं तरी न हलणारी फळी हवी. इतवारीत जाड सुतळी मिळते, ती फळीला घट्ट गुंडाळा, किंवा बारदान ठोका. ही फळी कोपऱ्यात नको, ज्या सोफ्याला मांजर आधीच नखं मारतं त्याच्या शेजारीच ठेवा. एका कुंडीत गहू पेरा; नवरात्रातल्या घटासारखे कोंब आठवड्यात येतात आणि मांजरं ते आवडीने खातात. लिटर ट्रे मांजरांपेक्षा एक जास्त ठेवा, जेवणापासून लांब.

पायरी ६: रोज पाच मिनिटांची शिकवणी

नवी गोष्ट शिकणं हा डोक्याचा खरा व्यायाम आहे, आणि त्याला पाच मिनिटं पुष्कळ होतात. सुरुवात हाताला नाक लावण्यापासून करा. तळहात त्याच्या नाकापासून वीतभर अंतरावर धरा. कुतूहलाने नाक लागलं, त्याच क्षणी "शाब्बास" म्हणा आणि खाऊ द्या. हे जमलं की तळहात सरकवून त्याला चटईवर, स्टुलावर, खोलीबाहेर नेता येतं. मांजरंही हे शिकतात. त्यांना तीन-चार वेळांनंतर पुरे वाटतं एवढंच. घरात सगळ्यांनी एका कामासाठी एकच शब्द वापरावा. आजोबा "बैठ" म्हणतात, मुलगी "सिट", आई "खाली बस", असं झालं की जनावर गोंधळतं आणि आपण त्याला हट्टी ठरवतो. रागावणं, वर्तमानपत्राची गुंडाळी दाखवणं यांनी ते फक्त तुमच्यापासून सावध राहायला शिकतं.

पिल्लू असेल तर वेळ मोलाचा आहे. कुत्र्याच्या पिल्लाचं जग ओळखायचं वय साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्याचं, मांजराच्या पिल्लाचं दुसऱ्या ते सातव्या आठवड्याचं. मिक्सर, कुकरची शिटी, कूलरचा घरघराट, छत्री, हेल्मेट घातलेला माणूस हे सगळं लांबून, खाऊसोबत, हळूहळू दाखवा. लसी पुऱ्या व्हायच्या असतील तर पिल्लाला खाली न सोडता कडेवर घेऊन कोपऱ्यापर्यंत जा आणि रहदारी बघू द्या.

पायरी ७: चघळणं, चाटणं आणि गारवा

चघळण्या-चाटण्याने कुत्रा शांत होतो, आणि उन्हाळ्यात त्याला गारव्याची जोड देता येते. चिकन नुसत्या पाण्यात उकडा, मीठ-मसाला काही नको. ते पाणी वाट्यांत ओतून त्यात चिकनचे आणि गाजराचे तुकडे टाका आणि फ्रीजरमध्ये ठेवा. दुपारी दोनला ती बर्फाची वडी मोरीजवळच्या फरशीवर दिली की पुढची वीस मिनिटं घरात शांतता असते. मोठे कठीण बर्फाचे खडे नकोत, त्यांनी दात तुटू शकतात. दही स्टीलच्या ताटलीला पातळ लावून गोठवलं तरी चालतं. परातीत चार बोटं पाणी घालून काकडीचे तुकडे तरंगत सोडा, बरेच कुत्रे ते तोंडाने पकडायला शिकतात. मांजराला चिकनच्या पाण्याची छोटी गार वडी बशीत द्या, दूध नको. मोठ्या मांजरांना ते सहसा पचत नाही.

शिजवलेली हाडं कधीच देऊ नका, ती टोकदार फुटतात. आणि कूलरची टाकी, पंप, वायर यांच्यापाशी कुत्र्या-मांजराला जाऊ देऊ नका. ओली फरशी आणि चावलेली वायर यांतून जीव जातो.

हे मात्र घरात जपा

कांदा आणि लसूण दोघांनाही विषारी आहेत, त्यामुळे सावजीचा रस्सा, त्यातलं मटण, तर्री यांतलं काहीही हौसेने द्यायचं नाही. द्राक्षं, मनुका, बेदाणे आणि चॉकलेट बंद. बिनसाखरेच्या च्युइंगममध्ये आणि काही पीनट बटरमध्ये झायलिटॉल हा साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ असतो, तो कुत्र्याला थोडासुद्धा घातक आहे. संत्र्याच्या दिवसांत बी काढून एखादी फोड कुत्र्याला चालते, पण सालीचं तेल मांजरांना बाधतं, म्हणून साली त्यांच्या खेळात वापरू नका. लिलीची फुलं मांजर असलेल्या घरात आणू नका, परागसुद्धा त्याची मूत्रपिंडं निकामी करतात. संक्रांतीनंतर गच्चीवरचा मांजा वेचून टाका.

ढोल, फटाके आणि म्हातारपण

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक निघते तेव्हा महाल-इतवारी भागात सकाळपासून ढोल-ताशे आणि आरोळ्या असतात. दिवाळीत तर सगळं शहरच. आवाज सुरू व्हायच्या आधी जनावराला आतल्या खोलीत न्या, पडदे ओढा, कूलर किंवा पंखा सुरू ठेवा, आणि चाटायची ताटली किंवा हुंगायची चटई तेव्हाच द्या. घाबरून थरथरायला लागल्यावर ते खात नाही, शोधतही नाही. दरवर्षीच फार घाबरणाऱ्या कुत्र्यासाठी डॉक्टरांकडे औषधं आहेत, ती निदान आठवडाभर आधी विचारून ठेवावीत.

म्हातारा कुत्रा झोपतो म्हणून त्याला सोडून देऊ नका. त्याचे डोळे आणि कान मंदावतात, नाक बरेच दिवस साथ देतं. त्याला जमिनीवरची सोपी शोधाशोध आणि घसरू नये म्हणून खाली सतरंजी पुरते. तो रात्री घरात भरकटत असेल, कोपऱ्यात तोंड करून उभा राहत असेल, ओळखीचं दार विसरत असेल, तर वयाने मेंदू थकत असल्याची ती खूण असू शकते. डॉक्टरांना सांगा.

सगळं एकदम सुरू करू नका

पहिला आठवडा फक्त दिवसातलं एक जेवण वाटीऐवजी शोधून खायला द्या. दुसऱ्या आठवड्यात फिरण्यातली दहा मिनिटं त्याची, किंवा मांजराचा रात्रीचा खेळ. शिकवणी तिसऱ्यात. खेळणी सगळी एकदम पसरू नका; तीन बाहेर, बाकी डब्यात, दर चार-पाच दिवसांनी बदला. कुत्रा आणि मांजर दोन्ही असतील तर खाण्याचे खेळ वेगळ्या खोल्यांत, दार लावून. रोज एकाच वेळी दिलेल्या कामाची जनावर वाट बघायला लागतं, आणि ती वाट बघणंही त्याच्या दिवसाला आकार देतं.

तीन-चार आठवडे नीट करूनही शेपटीमागे गोल गोल फिरणं, पंजा चाटून जखम करणं, माणसांवर धावून जाणं थांबत नसेल, तर ते घरच्या उपायांपलीकडे गेलं आहे असं समजा. नेहमीच्या पशुवैद्यांना दाखवा किंवा सेमिनरी हिल्सवरच्या नागपूर पशुवैद्यक महाविद्यालयाच्या दवाखान्यात न्या. जाण्याआधी त्या वागण्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा. तपासणीच्या टेबलावर जनावर बिचकून गप्प बसतं आणि जे दाखवायचं ते डॉक्टरांना दिसतच नाही.